सात शर्यतींचे कार्ड आणि सात नावे: दिवसाचा अंदाज कसा बांधावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शर्यतीच्या दिवशी कार्डावर सात फ्लॅट, म्हणजे अडथळ्यांविना धावायच्या, शर्यती असतात. तुम्ही आदल्या रात्री तीन तास बसून प्रत्येक घोड्याच्या शेवटच्या तीन-चार धावा पाहता, प्रत्येक शर्यतीत एक नाव ठरवता, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिशेब केला की सातांपैकी एखाद-दुसरेच नाव बरोबर आलेले असते. डोळे मिटून फेव्हरिट, म्हणजे ज्यांच्यावर सर्वांत जास्त पैसे लागलेले असतात ते घोडे, निवडले असते तरी एवढे आले असते. मग या अभ्यासाचा उपयोग काय, आणि अनुभवी मंडळी नेमके काय वेगळे पाहतात, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली वीस-बावीस वर्षे शर्यतींच्या दिवसाचा आगाऊ अंदाज लिहितो आणि घोड्यांना मी स्वतः दिलेल्या गुणांची, म्हणजे रेटिंगची, वही ठेवतो. त्या अनुभवावरून उत्तर देतो. आधी तुमच्या मनातले ओझे उतरवतो. फ्लॅट शर्यतींत फेव्हरिट साधारणपणे तीनपैकी एकदा जिंकतो. म्हणजे सातांत दोन नावे बरोबर येणे ही जवळपास बाजाराचीच सरासरी आहे, तिची लाज वाटायचे कारण नाही. जाणकार माणूस सातांपैकी पाच विजेते सांगतो ही समजूत अशा लोकांनी पसरवलेली आहे, ज्यांनी कधीतरी एकदा पाच सांगितले आणि नंतरच्या शंभर दिवसांबद्दल मौन पाळले. तुमची खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. तुम्ही सातही शर्यतींना एकच प्रश्न विचारता, ‘यात सर्वांत चांगला घोडा कोणता?’, आणि तोही प्रत्येक घोड्याला एकट्याने उभे करून विचारता. शर्यतीत तो एकटा धावत नसतो. पुढे कोण जाणार, किती वेगाने जाणार, आतल्या कडेची जागा कोणाला मिळणार आणि त्या दिवशीची जमीन कोणाच्या पायाला मानवणार, या चार गोष्टी जवळजवळ सारख्याच कुवतीच्या आठ घोड्यांमधून एकाला पुढे काढतात.

यातले काही परिस्थितीवर अवलंबून आहे हे मान्य करतो. हाँगकाँग आणि जपानमध्ये प्रत्येक धावेच्या वेळी घोड्याचे स्वतःचे शरीरवजनही जाहीर होते; इतर अनेक ठिकाणी ही माहिती मिळत नाही. टप्प्याटप्प्याच्या वेळा काही रेसकोर्सवर मिळतात, काही ठिकाणी फक्त अंतिम वेळ आणि क्रम. पैसे लावण्याचे नियमही देशागणिक वेगळे आहेत. त्यामुळे माझी पद्धत तुम्हाला जशीच्या तशी उचलता येईल असे नाही, पण तिच्यातला क्रम बहुतेक सगळीकडे चालतो.

तो क्रम असा, की मी कार्ड हातात आल्यावर घोड्यांची नावे पहिल्यांदा पाहतच नाही. सुरुवातीच्या दिवसांत मी खरोखरच नावांच्या रकान्यावर पट्टी ठेवत असे, कारण ओळखीचे नाव दिसले की मन तिथेच अडकते आणि पुढचा सगळा अभ्यास त्या नावाची बाजू मांडण्यात जातो. पहिली दहा मिनिटे फक्त रेसकोर्स, अंतर, धावणाऱ्या घोड्यांची संख्या आणि स्टार्टिंग गेटमधील क्रमांक, म्हणजे ड्रॉ, यांना द्यावीत.

ड्रॉचे महत्त्व लोक एकतर अजिबात मानत नाहीत किंवा अंधश्रद्धेसारखे मानतात. त्यामागे साधी भूमिती आहे. अर्धवर्तुळाकार वळणावर जो घोडा आतल्या घोड्यापेक्षा दोन मीटर बाहेरून धावतो, त्याला सुमारे सव्वासहा मीटर जास्त धावावे लागते, मग ते वळण लहान असो वा मोठे. घोड्याची एक लेंग्थ, म्हणजे त्याच्या लांबीएवढे अंतर, साधारण २.४ मीटरची धरली, तर केवळ बाहेर राहिल्यामुळे अडीच लेंग्थचा तोटा झाला. इंग्लंडमधील चेस्टरच्या रेसकोर्सची पूर्ण फेरी एक मैलाहून थोडीशीच मोठी आहे. तिथे पाच फर्लाँगांच्या (आठ फर्लाँग म्हणजे एक मैल) शर्यतीतही घोडा बराच वेळ वळणावरच असतो, आणि म्हणून तिथे आतल्या क्रमांकांना लोक एवढे जपतात. बाहेरच्या क्रमांकाचा वेगवान घोडा गेट उघडताच जोर लावून आत येऊ शकतो, परंतु तो जोर त्याला शेवटच्या फर्लाँगात कमी पडतो. याउलट इंग्लंडमधल्याच अ‍ॅस्कॉटच्या सरळ मैलावर वळणच नाही. तिथे तीस-तीस घोडे धावतात तेव्हा ते अनेकदा दोन गटांत विभागतात, एक गट एका कडेला आणि दुसरा दुसऱ्या, आणि प्रश्न असा होतो की वेगाने पुढे नेणारे घोडे कोणत्या गटात आहेत. एप्सम हे इंग्लंडमधील रेसकोर्स तिसऱ्याच जातीचे आहे: तिथल्या डर्बी या प्रसिद्ध शर्यतीचे दीड मैल आधी चढाचे, मग टॅटनहॅम कॉर्नर या वळणापर्यंत उताराचे, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात जमीन आतल्या कडेकडे कललेली. १७८० पासून तिथे डर्बी होते आणि ताकदवान पण उतारावर तोल सांभाळता न येणारे घोडे तिथे हरत आले आहेत. म्हणून ‘हा घोडा दीड मैल धावतो’ एवढी नोंद मला पुरत नाही. कोणत्या दीड मैलावर धावला, ते मला हवे असते.

यानंतर जमीन. घट्ट, चांगली, किंचित नरम, नरम आणि जड, अशा शब्दांत ती सांगितली जाते, आणि प्रत्येक पायरीला काही घोडे बाद होतात. लांब, जमिनीलगत टाप टाकणारा घोडा सहसा घट्ट जमिनीवर खुलतो. गुडघा उंच उचलून खाली आपटणारा नरम जमिनीवर टिकतो. हे नियम नाहीत, कल आहेत. त्यामुळे मी टाप पाहून निष्कर्ष काढण्याऐवजी त्या घोड्याच्या नरम जमिनीवरच्या प्रत्यक्ष धावा मोजतो, आणि त्या नसतील तर त्याच्या बापाच्या आणि भावंडांच्या पाहतो.

आता शर्यतींची वर्गवारी, आणि माझ्या मते तुमच्या तीन तासांतला सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो. सातही शर्यती सारख्याच अभ्यासण्याजोग्या नसतात. दोन वर्षांच्या घोड्यांची, त्यातही पहिल्यांदाच धावणाऱ्यांची शर्यत घ्या. उत्तर गोलार्धात सर्व थरोब्रेड, म्हणजे शर्यतींसाठी पैदास केलेल्या जातीच्या, घोड्यांचे वय १ जानेवारीला वाढते; त्यामुळे जानेवारीत जन्मलेले आणि मे महिन्यात जन्मलेले शिंगरू कार्डावर एकाच वयाचे दिसते, जरी त्या वयात चार महिने म्हणजे अंगापिंडात मोठाच फरक असला तरी. तिथे वंश, ट्रेनरची पद्धत आणि जन्मतारीख एवढेच हाती असते, आणि तबेल्यातल्या लोकांना तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असते. वीस-बावीस घोड्यांचा सहा फर्लाँगांचा हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवलेली शर्यत) असेल, तर माहिती भरपूर असते पण नशिबाचा वाटा मोठा. एका घोड्याला वाट मिळाली नाही की संपले. मला सर्वांत जास्त काम करावेसे वाटते ते एक मैल ते दीड मैल अंतराच्या, आठ ते बारा घोड्यांच्या, बऱ्याच वेळा धावलेल्या घोड्यांच्या शर्यतींत. सातांच्या कार्डावर अशा दोन, फार तर तीन सापडतात. माझे तीन तासांपैकी दोन तास त्यांनाच जातात, आणि बाकीच्या चार-पाच शर्यतींना मी पाच-पाच मिनिटे देऊन एक नाव लिहितो, कारण वाचकाला प्रत्येक शर्यतीत नाव हवे असते. त्या नावांवर माझा स्वतःचा विश्वास किती, हे मी शेजारी लिहून ठेवतो. तुम्हाला तर कोणासाठी लिहायचे नाही; तुम्ही त्या शर्यती सरळ सोडू शकता, आणि ही सवलत फार मोलाची आहे.

निवडलेल्या शर्यतीत मी पहिल्यांदा काढतो तो वेगाचा नकाशा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ: एक मैलाचा हँडिकॅप, आठ घोडे. त्यांच्या मागच्या प्रत्येकी चार-पाच धावांचे वर्णन वाचायचे आणि फक्त एवढेच लिहायचे, की पहिल्या दोन फर्लाँगांत तो कुठे होता. समजा ‘क’ आणि ‘ख’ हे दोघे नेहमी आघाडी घेतात, तिघे त्यांच्या मागोमाग असतात, आणि तिघे मागून येतात. ‘क’ला गेट क्रमांक १ मिळाला आहे, ‘ख’ला ८. याचा अर्थ ‘ख’ला आघाडी हवी असेल तर त्याला सुरुवातीलाच दौडावे लागेल, आणि ‘क’चा जॉकी आतली कड सोडणार नाही. दोघे एकमेकांना थकवतील, वेग जास्त राहील आणि शर्यत मागून येणाऱ्यांच्या सोयीची होईल.

आता फेव्हरिट कोण ते पाहा. समजा तो ‘क’च आहे, आणि त्याचा भाव ९/४ आहे (चार लावून जिंकले तर नऊ नफा), कारण मागच्या शर्यतीत तो चार लेंग्थने जिंकला. परंतु त्या शर्यतीत सहाच घोडे होते आणि आघाडी घेणारा तो एकटा होता. त्याने मनासारखा संथ वेग ठेवला आणि शेवटी सगळ्यांच्या आधी सुटला. आणि मागून येणाऱ्यांतला ‘ग’ पाहा. त्याच्या नावापुढे ४, ४ असे अंक आहेत, म्हणजे मागच्या दोन्ही वेळी तो चौथा आला, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नाही, भाव ८/१ आहे. मात्र त्या दोन्ही शर्यती संथ वेगाच्या होत्या, म्हणजे पुढच्यांना दम शिल्लक होता. तरीही त्याने शेवटच्या दोन फर्लाँगांत अंतर कापत दोन लेंग्थच्या आत शर्यत संपवली. ४, ४ हे अंक खोटे नाहीत, पण त्यांनी त्या घोड्याबद्दल जे सांगायला हवे होते ते सांगितलेले नाही. कागदावरची फॉर्म आणि शर्यतीतली धाव यांत फरक करणे, माझ्या मते, या व्यवसायातले निम्मे काम आहे. ‘क’सारखा घोडा स्वतःच एवढा चांगला असू शकतो की वेगाचे गणित त्याला लागू पडू नये, २०११ च्या टू थाउजंड गिनीज या इंग्लंडमधील शर्यतीत फ्रँकेल सुरुवातीपासून एकटा पुढे सुटला आणि तरीही सहा लेंग्थने जिंकला. पण असा घोडा हँडिकॅपमध्ये सापडत नाही, आणि आपल्यासमोर बहुतेक वेळा ‘क’च असतो.

या नकाशाने मला एकदा चांगलाच धडा दिला, तो सांगतो. संध्याकाळी अंदाज लिहून पाठवला होता. पाचव्या शर्यतीत मी हिरिरीने मागून येणारी एक घोडी निवडली होती आणि कारणही तपशिलात दिले होते: दोन आघाडीवीर आहेत, वेग जबरदस्त राहील. रात्री पाऊस झाला, जमीन चांगलीवरून नरम झाली आणि सकाळी तीन घोडे माघारी घेतले गेले. त्या तिघांत एक आघाडीवीर होता. उरलेला एकटा पुढे गेला, त्याने शर्यत चालवावी तशी चालवली, आणि माझी घोडी शेवटच्या फर्लाँगात सर्वांत वेगाने धावूनही चौथी आली. छापून आलेला मजकूर बरोबर होता. फक्त ती शर्यत आता अस्तित्वात नव्हती. तेव्हापासून मी अंदाज दोन टप्प्यांत करतो. आदल्या रात्री नकाशा आणि रेटिंग. आणि शर्यतीच्या तासभर आधी, माघारी आणि जमीन पाहून, फक्त एकच प्रश्न: रात्री मी ज्या शर्यतीचा विचार केला, तीच शर्यत अजून आहे का? उत्तर ‘नाही’ आले तर निवड बदलत बसण्यापेक्षा मी ती शर्यत सोडतो, कारण घाईत काढलेला दुसरा नकाशा पहिल्याइतका चांगला कधीच नसतो.

वजनाकडे येऊ. हँडिकॅपमध्ये चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन सर्वांना समान संधी देण्याचा प्रयत्न असतो. व्यवहारात वापरले जाणारे ढोबळ प्रमाण असे, की पाच फर्लाँगांत एक लेंग्थ म्हणजे साधारण ३ पौंड, एक मैलावर सुमारे २ आणि दोन मैलांवर सुमारे १. समजा ‘अ’ने ‘ब’ला मैलाच्या शर्यतीत समान वजनावर तीन लेंग्थने हरवले, म्हणजे तो ६ पौंडांनी सरस. आज ‘अ’च्या पाठीवर ‘ब’पेक्षा ८ पौंड जास्त असतील, तर कागदावर ‘ब’ एक लेंग्थने पुढे यायला हवा. हे गणित सगळ्यांनाच येते. विचारायचे ते पुढे आहे: त्या तीन लेंग्थ खऱ्या होत्या का? ‘ब’ला शेवटच्या फर्लाँगात वाट मिळाली नाही आणि जॉकीने लगाम सैल सोडला असेल, तर खरे अंतर एकच लेंग्थ असू शकेल. उलट ‘अ’चा जॉकी शेवटचे पन्नास मीटर स्वस्थ बसून आला असेल, तर ते पाच लेंग्थचेही असू शकेल. चित्रफीत न पाहता केलेली वजनाची बेरीज-वजाबाकी म्हणजे वजनकाट्यावर ठेवलेला फोटो.

वजनाने खरोखर फरक पडतो का, अशी शंका तुम्ही प्रश्नाच्या शेवटी काढली आहे. अमेरिकेतील मॅन ओ वॉर हा घोडा २१ शर्यती धावला आणि एकच हरला, १३ ऑगस्ट १९१९ रोजी साराटोगा येथे. त्या दिवशी त्याच्या पाठीवर १३० पौंड होते आणि जिंकलेल्या अपसेट या घोड्याच्या पाठीवर ११५. तेव्हा आजच्यासारखी गेट नव्हती आणि त्याला सुरुवातही वाईट मिळाली, त्यामुळे सगळे खापर १५ पौंडांवर फोडता येणार नाही. मात्र एवढ्या थोड्या अंतराने हरलेल्या घोड्याच्या बाबतीत दोन्ही कारणांना आपापला वाटा द्यावाच लागतो. हे उदाहरण मला आवडते ते याचसाठी, की पराभवाचे कारण एकच असते असे मानण्याची आपली सवय त्याने मोडते.

तीन वर्षांचे घोडे मोठ्यांबरोबर धावतात तेव्हा वयानुसार वजनाची सवलत मिळते. त्या तक्त्याचे मूळ १९व्या शतकातील अ‍ॅडमिरल राउस या इंग्लंडमधील वजने ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या कामात आहे. सवलत लांब अंतरावर जास्त असते आणि हंगाम पुढे सरकतो तशी कमी होते, कारण लहान घोडा दर महिन्याला वाढत असतो. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या लाँगशाँवर होणाऱ्या आर्क द ट्रायम्फ शर्यतीत, २४०० मीटरवर, तीन वर्षांच्या नर घोड्याला ५६.५ किलो आणि मोठ्या नराला ५९.५ किलो वजन असते. माद्यांना दोन्ही वयोगटांत आणखी दीड किलोची सूट. तुमच्या कार्डावर मिश्र वयाची शर्यत असेल, तर लवकर परिपक्व होणाऱ्या वंशाच्या तीन वर्षांच्या घोड्याला या सवलतीचा अधिक फायदा होतो, कारण तक्ता सरासरी घोड्यासाठी बनवलेला आहे आणि तो सरासरीच्या पुढे असतो.

वेळेबद्दल थोडक्यात. वेगवान जमिनीवर एका सेकंदात पाच-सहा लेंग्थ अंतर जाते, म्हणजे एक लेंग्थ सुमारे एक पंचमांश सेकंदाची. निरनिराळ्या दिवसांच्या वेळांची थेट तुलना फसवते, कारण जमीन आणि वारा बदलतो. एकाच दिवशी एकाच अंतरावर दोन शर्यती झाल्या असतील तर मात्र ती तुलना सोन्याची असते, आणि ती करायला कोणतेही यंत्र लागत नाही.

जॉकी, ट्रेनर, पहिल्यांदाच लावलेली डोळ्यांवरची झापडे, यांवर लोक फार वेळ देतात. मी फारसा देत नाही. चांगल्या जॉकीची किंमत भावात आधीच मिसळलेली असते. नवशिक्या जॉकीला मिळणारी काही पौंडांची सवलत त्याच्या कौशल्याच्या मानाने जास्त आहे असे वाटले, तरच मी तिची नोंद घेतो. झापडे प्रथमच लावलेली असतील तर तो घोडा नेहमीपेक्षा जास्त उत्साहाने सुरुवात करू शकतो, म्हणजे ती नोंद मुळात वेगाच्या नकाशात जाते.

इथवर आलो की माझ्याकडे आठ घोड्यांपुढे आठ टक्केवारी असतात आणि त्यांची बेरीज बरोबर १०० असते. बेरीज १०० आणणे ही शिस्त मी कधीच मोडत नाही, कारण तिच्याविना प्रत्येक आवडत्या घोड्याला थोडे थोडे जास्त दिले जाते. मग बाजाराचे भाव. समजा आठ घोड्यांचे भाव ९/४, ४/१, ५/१, ६/१, ८/१, १०/१, १४/१ आणि २०/१ असे आहेत. ४/१ म्हणजे पाचपैकी एक संधी, २० टक्के. ९/४ म्हणजे ३०.८ टक्के. आठांची बेरीज केली तर ती सुमारे ११३.४ येते. वरचे सुमारे १३.४ हा बुकीचा वाटा. तुम्ही सातही शर्यतींत नाव निवडून पैसे लावता तेव्हा हा वाटा सात वेळा भरता. म्हणून आपल्या उदाहरणात ‘क’ला माझ्या मते २२ टक्के संधी असेल, तर तो आठांत सर्वांत जास्त संधीचा घोडा असूनही ९/४ या भावात माझ्या उपयोगाचा नाही. ‘ग’ला मी १६ टक्के देतो आणि ८/१ या भावाला ११.१ टक्केच पुरतात. मी ‘ग’ निवडतो, आणि शंभरपैकी चौऱ्याऐंशी वेळा मी हरणार आहे हे मला त्याच वेळी माहीत असते.

‘पण मग जिंकणारा घोडा सांगा की’ असे कोणी म्हणाले, तर त्यांना २८ सप्टेंबर १९९६ चा अ‍ॅस्कॉटचा दिवस सांगावा. फ्रँकी डेट्टोरी या जॉकीने त्या दिवशी सातच्या सात शर्यती जिंकल्या. सातव्या शर्यतीतला त्याचा घोडा फुजियामा क्रेस्ट. त्याचा सकाळचा भाव १२/१ होता आणि शर्यत सुटताना २/१. सकाळपासून घोडा तोच होता, पाठीवरचे वजन आणि अंतरही तेच होते. बदलले होते ते फक्त सहा विजयांनंतर लोकांनी डेट्टोरीवर ओतलेले पैसे. १२/१ ला त्या घोड्याला ७.७ टक्के संधी पुरली असती, २/१ ला ३३.३ टक्के लागल्या असत्या. तो जिंकला, थोडक्यात जिंकला, आणि बुकींचे अतोनात नुकसान झाले. तरीही २/१ ला त्याला घेणारा माणूस बरोबर होता असे मी म्हणणार नाही.

पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागी, काय पाहावे, असेही विचारले आहे. मी फक्त बदल पाहतो. घामाने भिजलेला घोडा घाबरलेला आहे असे पुस्तकी मत असते. माझ्या वहीत एका घोडीपुढे लिहिले आहे: ‘मागच्या पायांत फेस, दोघांनी धरलेली, कान मागे’, तिच्या सहा धावांपुढे हीच नोंद आहे आणि त्यांतल्या दोन ती जिंकली. सातव्या वेळी ती अंग कोरडे ठेवून, मान खाली घालून, एका माणसाच्या हातात शांतपणे फिरत होती. आजूबाजूचे लोक तिची तारीफ करत होते. ती शेवटून दुसरी आली. म्हणून ज्या घोड्याला तुम्ही पहिल्यांदाच पाहत आहात, त्याच्याबद्दल पॅडॉकमध्ये मत बनवू नका. नोंद करा आणि दोन महिन्यांनी तिचा उपयोग करा.

उरला शेवटच्या शर्यतीचा प्रश्न. सहा शर्यतींत नुकसान झाले की सातवीत ते भरून काढावेसे वाटते, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे. कार्डाच्या शेवटी अनेकदा भरपूर घोड्यांचा हँडिकॅप असतो, म्हणजे नशिबाचा वाटा जिथे मोठा असतो तीच शर्यत, आणि नुकसानीतले लोक फेव्हरिटवर तुटून पडले की त्याचा भाव हवा त्यापेक्षा खाली येतो. त्या शर्यतीसाठी रात्री वहीत एक ओळ लिहा: ‘सोडली’ किंवा ‘ग, ८/१ च्या खाली नको’. दुपारी ती ओळ बदलायची परवानगी स्वतःला देऊ नका.

आणि पुढच्या दिवसापासून नाव लिहायच्या आधी प्रत्येक अभ्यासलेल्या शर्यतीत एवढेच लिहा: आघाडी कोण घेणार, तुमच्या निवडीला किती टक्के, आणि किती भावाला ती घ्यायची. शर्यत झाल्यावर चित्रफितीत पहिल्यांदा विजेता पाहू नका, पहिले दोन फर्लाँग पाहा. आघाडी तुम्ही लिहिलेल्या घोड्यानेच घेतली का, हे तपासा. माझ्या सुरुवातीच्या वह्यांत ते उत्तर निम्म्याहून जास्त वेळा ‘नाही’ आहे, आणि त्या काळात माझ्या ज्या निवडी जिंकल्या, त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या कारणाने जिंकलेल्या आहेत.